उड्डाणापूर्वीचें उड्डाण

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक पुतण्या आमच्याकडे राहावयास आला होता. वय वर्षें चौदा. एके दुपारीं तो हातांत मोबाइल घेऊन तासभर स्तब्ध बसलेला पाहून मीं सहज विचारलें, "काय चाललें आहे?" मान वर न करतां त्यानें उत्तर दिलें, "काका, अग्निबाण उडवतों आहें." पडद्यावर त्यानें कागदी नळी, लाकडी पंख व निमुळतें नाक यांची जुळणी केली होती, त्यांत दारूचें एक लहानसें इंजिन बसविलें होतें, आणि हा बाण किती मीटर उंच जाईल, कोणत्या क्षणीं त्याची छत्री उघडावी, हें तें यंत्र त्यास बिनचूक आंकड्यांनीं सांगत होतें. सकाळपासून असे सत्तावीस बाण त्यानें उडविले होते. खरा बाण मात्र त्यानें एकही उडविला नव्हता.

याला खेळ म्हणावें कीं विद्या, असा प्रश्न मला पडला. इतिहासाच्या अध्यापकास असा प्रश्न पडला म्हणजे तो मागें वळून पाहतो. तसें पाहतां एक गोष्ट ध्यानांत आली. वस्तु फेंकण्यापूर्वींच ती कोठें पडेल हें जाणण्याची मनुष्याची इच्छा फार जुनी आहे, आणि ती पुरी होण्यास दोन गोष्टींची सांगड पडावी लागली : एक गणित व दुसरें मोजमाप. जेथें ही सांगड सुटली तेथें गणित दिमाखदार दिसलें, पण खोटें ठरलें.

गॅलिलिओनें इ. स. १६३८ मध्यें फेंकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त वक्राचा असतो असें सिद्ध केलें. सिद्धांत सुंदर होता; परंतु त्यांत हवेचा विरोध धरलेला नव्हता. पुढें शंभर वर्षें पुष्कळ पंडितांची अशी समजूत होती कीं, लोखंडाच्या जड गोळ्यास हवा ती काय अडविणार ! हा भ्रम बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें दूर केला. त्यानें एक जड फळी लंबकासारखी टांगली, तींत गोळी मारली, आणि फळी किती मागें झुलली यावरून गोळीचा वेग काढला. निरनिराळ्या अंतरांवरून हा प्रयोग करतां हवेचा विरोध समजुतीहून कित्येक पटींनीं अधिक निघाला. हें त्यानें १७४२ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि १७४५ मध्यें ऑयलरसारख्या श्रेष्ठ गणितज्ञानें त्याच्या ग्रंथाचें जर्मन भाषांतर विस्तृत भाष्यासह केलें.

याच रॉबिन्सनें १७४९ मध्यें लंडन येथील आतषबाजीच्या प्रसंगीं शोभेच्या बाणांची उंची मोजविली. रीत अगदीं साधी : ठराविक अंतरावर निरीक्षक उभा करावयाचा, बाण सर्वांत उंच जाईल त्या क्षणीं कोन मोजावयाचा, आणि त्रिकोणमितीनें उंची काढावयाची. पुढें तो कंपनी सरकारच्या नोकरींत किल्ल्यांच्या कामासाठीं हिंदुस्थानांत आला आणि १७५१ मध्यें कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यांत वारला. योगायोग असा कीं, ज्या दक्षिण भारतांत त्याचा देह पडला, तेथूनच पुढें बाणविद्येनें युरोपास धक्का दिला. हैदर व टिपू यांचे लोखंडी नळीचे बाण १७८० मध्यें पोल्लिलूरच्या लढाईंत इंग्रजांवर येऊन आदळले. शिमोगा जिल्ह्यांतील नगर या गांवीं एका कोरड्या विहिरींतून २०१८ मध्यें असे हजारावर बाण निघाले. म्हैसूरच्या या बाणांपासूनच धडा घेऊन विल्यम काँग्रीव्हनें इंग्लंडांत आपले बाण तयार केले, आणि वुलविचच्या लष्करी विद्यालयांतील विल्यम मूर यानें १८१३ मध्यें बाणांच्या गतीवर ग्रंथ लिहिला.

गोळ्यापेक्षां बाणाचें गणित अवघड, तें एका कारणानें. गोळ्याचें वजन वाटेंत बदलत नाहीं. बाणाचें मात्र दारू जळेल तसतसें क्षणोक्षणीं घटतें. म्हणून प्रवासाचे बारीक तुकडे पाडावे लागतात. प्रत्येक तुकड्यापुरता इंजिनाचा रेटा, वजन आणि हवेचा विरोध यांचा हिशेब करावयाचा, त्यावरून नवा वेग व नवें स्थान काढावयाचें, आणि पुन्हां पुढच्या तुकड्यास हात घालावयाचा. रुंगे व कुट्टा या जर्मन गणितज्ञांनीं १८९५ ते १९०१ या काळांत ही पायरीपायरीची रीत सुधारली. पण श्रम कांहीं टळले नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत तोफांचीं कोष्टकें करण्यास गणितांत पदवी घेतलेल्या पुष्कळ स्त्रिया बसविल्या होत्या. साठ सेकंदांच्या एका मार्गास टेबलावरच्या गणनयंत्रानें सुमारें वीस तास लागत. हें ओझें उतरविण्यासाठीं बांधलेला एनिअॅक हा अवाढव्य संगणक १९४६ मध्यें लोकांपुढें आला, आणि तेंच काम तो अर्ध्या मिनिटांत करूं लागला. म्हणजे गोळा जमिनीवर पडण्यापूर्वींच त्याचें गणित पुरें होऊं लागलें !

मुलांच्या हातीं अग्निबाण आला तो १९५० नंतर. नेब्रास्कांतील ऑर्व्हिल कार्लाइल या जोड्यांच्या दुकानदारानें आपल्या भावाच्या साह्यानें १९५४ मध्यें कागदी नळीचा, छत्रीनें सुखरूप उतरणारा बाण तयार केला. १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियाचा स्पुटनिक आकाशांत गेला आणि अमेरिकेंतील मुलें वेडीं झालीं. घरच्या तळघरांत नळ्यांत दारू ठासूं लागलीं, आणि कित्येकांनीं त्या नादांत बोटें गमावलीं. हॅरी स्टाइन हा न्यू मेक्सिकोंतील प्रक्षेपणक्षेत्रावरचा अभियंता. कार्लाइलच्या बाणांत त्यास यावरचा उपाय दिसला : इंजिन कारखान्यांतून तयार यावें, मुलांनीं दारूस हात लावूं नये.

तरी एक भय उरलें. बाण सरळ जाईल कीं उलटून माणसांवर येईल ? हवेच्या दाबाचें केंद्र गुरुत्वमध्याच्या मागें असेल तरच बाण सरळ जातो. हें केंद्र काढण्यासाठीं मुलें पुठ्ठ्यावर बाणाची आकृति कापून ती पट्टीच्या धारेवर तोलीत. तो अंदाज केवळ स्थूल. जेम्स बॅरोमन हा नासामधील अभियंता. त्यानें १९६६ मध्यें या छांदिष्टांच्याच मेळाव्यांत त्याचें सुटसुटीत गणित मांडलें. पुढें २००९ मध्यें सांपो निस्कानेन या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठीं 'ओपनरॉकेट' नांवाचें सॉफ्टवेअर लिहून तें सर्वांस विनामूल्य दिलें. बॅरोमनची पद्धति आणि रुंगे-कुट्टांच्या पायऱ्या त्याच्या पोटांत आहेत. आज असलें गणित खिशांतल्या मोबाइलवर क्षणांत होतें.

हा इतिहास मीं पुतण्यास सांगितला, तेव्हां तो म्हणाला, "मग आपण दिवाळीचा बाण मोजूं या ना !" शोभेच्या बाणाचें वजन व माप त्यानें यंत्रांत भरलें, जवळचें म्हणून एक लहान इंजिन निवडलें, आणि उत्तर आलें पंचाण्णव मीटर. संध्याकाळीं मोकळ्या मैदानांत आम्हीं शंभर मीटर अंतर फितीनें मोजलें. मीं बाण पेटवावयाचा. त्यानें दूर उभें राहून त्याच मोबाइलच्या कोनमापकानें नेम धरावयाचा. पहिला बाण तिरपा गेला, तो आम्हीं सोडून दिला. दुसऱ्याचा कोन भरला एकतीस अंश. म्हणजे उंची सुमारें साठ मीटर.

"यंत्र चुकलें," तो हिरमुसून म्हणाला. मीं विचारलें, "यंत्रास इंजिन कोणतें सांगितलेंस ?" तो गप्प झाला. गणितांत चूक नव्हती. जें मोजलें नव्हतें, तें मोजल्यासारखें सांगितलें होतें. गॅलिलिओच्या नंतरचे पंडितही याच ठिकाणीं फसले होते. ज्या मुलास सत्तावीस उड्डाणें कधीं खोटीं पडलीं नव्हतीं, त्यास हें अठ्ठाविसावें पडलें, याचें मला वाईट वाटलें नाहीं.

रात्रीं जेवतांना तो बराच वेळ बोलला नाहीं. मग एकाएकीं म्हणाला, "काका, बाण उडण्याआधीं आणि जळून पडल्यावर, दोन्ही वेळां वजन केलें, तर आंत किती दारू जळली तें कळेल ना ? पण आपला स्वयंपाकघरांतला काटा फार जाडाभरडा आहे. तुमच्या ओळखीचा कोणी सोनार आहे का ?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही सोनाराच्या पेढीवर गेलों.