औषधाला दाद देणारे यीस्ट
पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. कर्करोगाच्या काही पेशी औषधाला दाद देत नाहीत. आत शिरलेले औषध बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप त्यांच्या पटलात असतात, हे त्याचे एक कारण. याच ‘एबीसी’ कुळातील पंप पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही आढळतात.

यीस्ट एकपेशीय असले तरी त्याच्या पेशीचे मूलभूत व्यवहार पुष्कळ अंशी आपल्यासारखेच चालतात. सुमारे ६,००० जनुकांचा त्याचा जनुकसंच १९९६ मध्ये वाचून झाला. त्यामुळे एखादे रसायन पेशीतील नेमक्या कोणत्या प्रथिनावर आघात करते, हे शोधण्यास ते सोयीचे ठरते. अडचण एवढीच, की रसायन आत टिकत नाही. म्हणून पीडीआर-५ सारख्या पंपांची जनुके काढून टाकतात किंवा ईआरजी-६ हे जनुक वगळून पटल अधिक पाझरते करतात. २०११ मध्ये तर एकाच वाणातून असे १६ पंप वगळण्यात आले. त्याला नाव मिळाले ‘मॉन्स्टर’. वास्तविक हा राक्षस निःशस्त्रच!

अशा वाणाला रसायनाची मात्रा वाढवत नेतात. तगलेल्या पेशींचा जनुकसंच वाचला, की बदल कोठे झाला ते कळते. हिवतापावरील स्पायरोइंडोलोन गटातील औषधे यीस्टच्या पीएमए-१ या प्रथिनाला रोखतात, हे २०१६ मध्ये याच मार्गाने उमगले. हिवतापाच्या परजीवीतील त्यांचे लक्ष्यही त्याच जातीचे प्रथिन आहे. मात्र या दुबळ्या वाणाला पुरणारी मात्रा रुग्णाला लागू करता येत नाही.