आधी दशक की आधी एकक?

मंडळी, पाटीवर २५ लिहा आणि मोठ्याने वाचा. हात आधी दोन लिहितो, तोंड मात्र आधी पाच म्हणते: पंचवीस! तरी आपला हिशेब चुकत नाही, कारण ही रीत सगळ्यांची एकच आहे. संगणकांची तशी एक नव्हती, आणि तिथेच घोळ झाला.

संगणक आकडे ठेवतो ते 'बाइट' नावाच्या खणांत. एका खणात ० ते २५५ एवढेच मावते. मोठ्या आकड्याला दोन खण लागतात. एक हजार घ्या. २५६ चे ३ गठ्ठे आणि वर २३२ सुटे. आता आधी गठ्ठ्यांचा खण की सुट्यांचा? एकाने गठ्ठे आधी पाठवले आणि दुसऱ्याने त्यांनाच सुटे समजून वाचले, तर हजाराचे झाले ५९,३९५! खणांत काहीच बिघडलेले नसते बरं का, फक्त वाचणे उलटे.

आयबीएमच्या १९६४ च्या 'सिस्टिम ३६०' यंत्रांनी मोठा भाग आधी ठेवला, आपण लिहितो तसा. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९७० साली 'डेटापॉइंट २२००' हे यंत्र निघाले, त्याने उलट केले. का? ते एकेक अंक घेऊन बेरीज करी. कुठल्याही पोराला विचारा, बेरीज एककापासूनच सुरू करायची. हातचा पुढे न्यायचा असतो ना! या यंत्रासाठी म्हणून इंटेलने ८००८ ही चिप घडवली. डेटापॉइंटने ती वापरली नाही, पण १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि तिची सवय इंटेलच्या पुढच्या चिपांत उतरली. ज्याच्यासाठी चाल धरली तो गिऱ्हाईक गेला, चाल राहिली.

१ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी या भांडणावर एक लेख लिहिला. स्विफ्टच्या १७२६ च्या 'गलिव्हर'मध्ये अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढाया होतात. तिथूनच त्यांनी दोन्ही पक्षांना 'बिग-एन्डियन' आणि 'लिटल-एन्डियन' अशी नावे दिली. त्यांचे सांगणे एवढेच, की कोणतीही रीत घ्या, पण सगळे एकच घ्या. तारीख थट्टेची असली तरी गोष्ट खरी होती. सप्टेंबर १९८१ च्या इंटरनेट नियमपत्रात ठरले: तारेवर मोठा भाग आधी.

आता गंमत पाहा. आज घराघरांतले बहुतेक संगणक आणि फोन लहान भाग आधी ठेवणारे! म्हणून निरोप बाहेर पडताना त्यावरच्या पत्त्याचे आकडे उलटवावे लागतात, आत येताना पुन्हा सुलट करावे लागतात. त्यातून नेटवर्क कार्डाला द्यायच्या सूचना बहुधा लहान भाग आधी, आणि तारेवरचा पत्ता मोठा भाग आधी. कार्ड चालवणारी आज्ञावली, म्हणजे 'ड्रायव्हर', लिहिणाऱ्याला दोन्ही डोक्यात ठेवावे लागते. पत्त्याचा एक आकडा उलटवायचा राहिला, की ८० क्रमांकाच्या दाराऐवजी २०,४८० क्रमांकाच्या दारावर थाप पडते. आणि मोठा भाग आधी ठेवणाऱ्या यंत्रावर हीच चूक दिसतही नाही. तिथे पत्त्यात उलटवायचे काही नसतेच.