जू, जोतं आणि योग

आजोळच्या गोठ्यात एक जू भिंतीला टेकवून ठेवलेलं असे. बैलांच्या माना जिथे टेकत, तिथे ते झिजून आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. मामा औत जुंपायला निघाला की आधी जू मानेवर ठेवायचा, मग भोकात शिवळ घालायची, मग जोतं गळ्याखालून घेऊन शिवळेला अडकवायचं. तोवर बैल मान हलवत, शेपटी उडवत असायचा. जोतं बसलं की मात्र तो थांबायचा. चालायला लागण्याआधीचे ते दोन क्षण तो अगदी निश्चल उभा असे.

पुढे पाणिनीचा धातुपाठ चाळताना ‘युज्’ हा धातू एकदा नव्हे, तीनदा भेटला, आणि मला तो बैल आठवला. चौथ्या गणात त्याचा अर्थ दिला आहे समाधी. सातव्या गणात योग, म्हणजे जोडणं. दहाव्या गणात संयमन, म्हणजे आवरून धरणं. धातू तीन आणि ‘योग’ हे नाम मात्र एक. मग योगशास्त्रातला योग यांतल्या कुठल्या युज्‌चा?

जोडण्याच्या युज्‌चं कूळ सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजीतला योक, लॅटिनमधला युगुम हे त्याचेच भाऊबंद. मराठीत तर हे कूळ अजून शेतात राबतं. संस्कृत युग म्हणजे आपलं जू, आणि योक्त्र म्हणजे आपलं जोतं. जुंपणे या क्रियापदाचा माग बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात लागतो. युज्‌च्या जागी प्राकृतात जुंज, जुज्ज आणि जुप्प अशी तीन रूपं येतात, असं तो सांगतो. यातल्या जुप्पला अनुस्वार लागला की झालं जुंपणे. (जुंजवरून झुंज आठवेल, पण त्या वाटेला जाऊ नये. झुंज हा युध्‌चा वंशज आहे, युज्‌चा नव्हे.) शिवळ हीसुद्धा वैदिक शम्येच्याच घरातली, असं माझं मत आहे. जुवाच्या खुंटीला तेव्हा शम्या म्हणत, आणि म चा व होणं मराठीला नवं नाही, ग्रामाचं गाव झालंच की.

योगाच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात की योग म्हणजे आत्म्याचं परमात्म्याशी मीलन. ही व्याख्या खोटी नाही, पण ती पतंजलीची नाही. ती पाशुपतांच्या घरातली. पाशुपतसूत्रांवर भाष्य लिहिणारा कौंडिन्य आत्मा आणि ईश्वर यांच्या संयोगालाच योग म्हणतो, आणि पुढे योगयाज्ञवल्क्यातही जीवात्मा-परमात्म्याच्या संयोगाची तीच भाषा येते. पतंजलीला मात्र संयोग हा शब्दच अडचणीचा आहे. त्याच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात द्रष्टा आणि दृश्य यांचा संयोग हेच दुःखाचं मूळ ठरवलं आहे. जो संयोग टाकायचा, त्यालाच योग कसं म्हणणार?

म्हणून व्यासभाष्य पहिल्याच सूत्रावर योगाचा अर्थ समाधी असा लावून मोकळं होतं. वाचस्पती मिश्र तत्त्ववैशारदीत आणखी पुढे जाऊन व्याकरणाचा दाखला देतो, की हा शब्द समाधीच्या युज्‌वरून आला, जोडण्याच्या युज्‌वरून नव्हे. धारचा भोजराजा ११ व्या शतकात आपल्या वृत्तीच्या आरंभी याच्याही पलीकडे जातो. पुरुष आणि प्रकृती यांचा वियोग, तोच योग, असं तो म्हणतो. जोडण्याच्या शब्दाला थेट तोडण्याचा अर्थ! गंमत अशी की पुण्याच्या आनंदाश्रमाने १९०४ मध्ये काशिनाथशास्त्री आगाशे यांनी संपादलेलं योगसूत्रांचं जे पुस्तक छापलं, त्यात भाष्य, वाचस्पती आणि भोज तिघे एकाच बांधणीत शेजारी बसले आहेत. एका शब्दाची ही ओढाताण पाहायची असेल, तर त्या एका पुस्तकात ती सगळी सापडते.

वाचस्पतीचं म्हणणं आजही बहुतेक अभ्यासक प्रमाण मानतात. अर्थाच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण शब्दाच्या जन्माविषयी मला ते पटत नाही. समाधीचा युज् हा वेगळा धातू नाहीच, तो जुवाचाच युज् आहे, असं मी म्हणतो.

पहिलं कारण व्याकरणाचंच आहे. समाधीच्या युज्‌चं रूप होतं ‘युज्यते’. जुवाच्या युज्‌चं कर्मणी रूपही ‘युज्यते’च होतं, म्हणजे ‘जुंपला जातो’. यावर वैदिक पंडित स्वराचा आक्षेप घेईल. चौथ्या गणात स्वर धातूवर असतो आणि कर्मणीत ‘य’वर, मग दोन्ही एक कसे? आक्षेप वजनदार आहे. पण सुटणे या अर्थाच्या ‘मुच्यते’ या कर्मणी रूपावर वेदांत स्वर पहिल्या अक्षरावरही आढळतो. सोडण्याच्या क्रियापदाला जे चालतं, ते जुंपण्याच्या क्रियापदाला का चालू नये? शिवाय धातुपाठातले अर्थनिर्देश पाणिनीचे नव्हेत, भीमसेनाने जोडलेले आहेत, अशी परंपराच आहे. योग म्हणजे समाधी हा अर्थ लोकांत रुळल्यावर कुणीतरी ‘युज्यते’पुढे तो लिहून ठेवला असावा.

दुसरं कारण मला जास्त जवळचं वाटतं. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात सवित्याच्या सूक्ताच्या (५.८१) आरंभी ज्ञानी लोक आपलं मन आणि आपली बुद्धी जुंपतात. मन जुंपण्याचीच प्रतिमा ही, बैलघोड्यांच्या जगातली. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात आरंभीच्या मंत्रांमध्ये नेमका हाच मंत्र येतो. मग तिथे शरीर ताठ ठेवून बसणं येतं, श्वास आवरणं येतं, आणि त्याच ओघात मनाला द्वाड घोडे जुंपलेल्या गाडीची उपमा येते. कठोपनिषदात शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. त्याच उपनिषदाच्या शेवटी इंद्रियांची स्थिर धारणा म्हणजे योग असं येतं. जुंपणं, आवरणं आणि स्थिर होणं, धातुपाठातले तिन्ही युज् इथे एका रथापाशी उभे आहेत. वैयाकरणांनी ते तीन गणांत वाटून टाकले, आणि वाचस्पतीला त्यातला एक उचलून दुसरा नाकारता आला.

याच जुवाची आणखी एक फांदी सगळ्यांच्या समोर आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला योगक्षेम मुळात प्रवासाचा शब्द: योग म्हणजे गाडी जुंपून नव्या कुरणाकडे, नव्या धनाकडे निघणं, आणि क्षेम म्हणजे मुक्कामाला सुखाने राहणं. पुढे योग म्हणजे नसलेलं मिळवणं आणि क्षेम म्हणजे असलेलं राखणं असा अर्थ झाला. गीतेच्या नवव्या अध्यायातून तो शब्द आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हावर आणि मुंबईत नरिमन पॉइंटच्या ‘योगक्षेम’ इमारतीवर जाऊन बसला. विम्याचा हप्ता भरणारा माणूस नकळत गाडी जुंपण्याचा शब्द वाचत असतो.

राहिला भोज. जुवाच्या बाजूने पाहिलं तर त्याचा वियोग मला आता खटकत नाही. दिवस कलला की मामा ‘औत सोडलं’ म्हणायचा, जोतं शिवळेतून काढायचा, जू खाली उतरवायचा. तेव्हाही बैल लगेच चालत नसे. मान हलकी झाल्याचं कळेपर्यंत तो दोन क्षण तसाच उभा राहायचा, सकाळी जुंपताना राहायचा तसाच.