मोबाइल ॲपवरील चित्रफीत वेळेपूर्वी का संपते?

छत्तीसगढमधील भिलाई पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. नोकरीनिमित्त विविध प्रांतांतून येथे स्थायिक झालेल्यांमध्ये मराठी कुटुंबेही आहेत. सेक्टर १० सारख्या वसाहतींमध्ये, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या दर्शकांना मराठी बातम्या आणि कार्यक्रम मोबाइल ॲपवर पाहता येतात. प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात गोव्यात ‘वेव्हज’ या ॲपचा प्रारंभ केला.

अशा ॲपवर चित्रफीत कधी कधी शेवटापूर्वीच संपते. बिघाडाची सूचना येत नाही, त्यामुळे अपुरे चित्रण पूर्ण समजले जाते. वार्तापत्राचा किंवा पाठाचा उरलेला भाग राहून गेल्याचे दर्शकाच्या ध्यानातही येत नाही.

इंटरनेटवरून येणारी चित्रफीत बहुधा काही सेकंदांच्या लहान तुकड्यांत विभागलेली असते. या तुकड्यांची एक यादी ॲपला मिळते. २००९ पासून प्रचलित असलेल्या एचएलएस पद्धतीत यादीच्या शेवटी समाप्तीची खूण असते. यादी अपुरी असताना ही खूण आली, तर कार्यक्रम संपला असे ॲप मानते. संपर्क तुटून पुढचे तुकडे न आल्यासही काही ॲप चित्रफीत तेथेच संपवतात.

दोष कोठे आहे हे ओळखण्यासाठी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, चित्रफितीची दर्शवलेली लांबी. कार्यक्रम ३० मिनिटांचा असून पट्टीवर २२ मिनिटेच दिसत असतील, तर मूळ संचिका किंवा यादीच अपुरी असण्याची शक्यता अधिक असते. दुसरी, थांबण्याची जागा. पट्टीवर ३० मिनिटे दिसत असून प्रत्येक वेळी त्याच सेकंदाला चित्रण थांबत असेल, तर एखादा तुकडा सदोष असावा किंवा मोबाइलमध्ये साठलेली प्रत बिघडलेली असावी. निरनिराळ्या ठिकाणी थांबत असेल, तर इंटरनेट जोडणी अथवा मोबाइलमधील व्यवस्था तपासावी.

उपाय पुढील क्रमाने करावेत. प्रथम वाय-फायऐवजी मोबाइल डेटा, किंवा याच्या उलट, वापरून पाहावे. नंतर ॲपची नवी आवृत्ती घ्यावी. अँड्रॉइड मोबाइलवर सेटिंग्जमधून ॲपचा कॅशे पुसावा. मात्र ‘डेटा पुसा’ हा पर्याय निवडू नये, कारण त्यामुळे उतरवून घेतलेल्या चित्रफिती आणि खात्याची नोंदही जाऊ शकते. मोबाइलमधील जागा भरली असल्यास ती मोकळी करून चित्रफीत पुन्हा उतरवून घ्यावी. पडदा बंद ठेवून केवळ ऐकताना कार्यक्रम थांबत असेल, तर त्या ॲपला बॅटरी बचतीच्या बंधनातून वगळावे.

दुसऱ्या मोबाइलवर, दुसऱ्या जोडणीवरही चित्रफीत त्याच सेकंदाला थांबत असेल, तर दोष बहुधा प्रक्षेपकाच्या बाजूचा असतो. अशा वेळी कार्यक्रमाचे नाव, तारीख, थांबल्याचे मिनिट-सेकंद, मोबाइलचा प्रकार आणि ॲपची आवृत्ती कळवावी. ‘व्हिडिओ चालत नाही’ एवढ्याच तक्रारीपेक्षा या तपशिलांमुळे नेमका तुकडा शोधणे सोपे जाते, आणि दुरुस्तीचा लाभ सर्वच दर्शकांना होतो.