नखांतून औषधप्रवेश

नखरोगावर वरून लावलेले औषध नखाच्या कठीण थरातून पार करून रोगाच्या जागी पोचवण्याचे शास्त्र. नखविकारांपैकी सुमारे निम्मे बुरशीमुळे होतात आणि त्यांत ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी सर्वाधिक आढळते. प्रयोगशाळेतल्या बशीत ती अनेक औषधांनी मरते. खरी अडचण तिला गाठण्याची आहे, कारण तिचा मुक्काम बहुधा नखाच्या खालच्या अंगाला आणि नखाखालच्या त्वचेत असतो.

नख केराटिन या प्रथिनाचे बनते. त्याचे धागे डायसल्फाइड बंधांनी एकमेकांना घट्ट जखडलेले असतात. त्वचेचा बाह्य थरही केराटिनचाच, पण त्यात स्निग्धांश सुमारे १० टक्के, तर नखात एक टक्क्याच्या आत. केनेथ वॉल्टर्स आणि गॉर्डन फ्लिन यांनी १९८० नंतरच्या दशकात मिशिगन विद्यापीठात पाणी व निरनिराळी अल्कोहोले नखातून जाऊ देऊन पाहिली. नख तेलकट पडद्यासारखे नव्हे, तर पाणी धरणाऱ्या जेलसारखे वागते, असे त्यांना दिसले. त्वचेसाठी बनवलेली मलमे नखावर निष्प्रभ का ठरतात, याचा उलगडा इथे होतो. नखातून जायला रेणू लहान हवा, आणि नखात पाणी मुरलेले असले तर वाट अधिक सुकर होते.

टर्बिनाफिनच्या गोळ्या लेपांपेक्षा अधिक गुणकारी आहेत. मात्र यकृताचा आजार असलेल्यांना किंवा आधीच अनेक औषधे चालू असलेल्या वृद्धांना त्या देणे अवघड जाते. चांगल्या लेपाची गरज याच रुग्णांना सर्वांत जास्त आहे.

अमेरिकेत १९९९ मध्ये ८ टक्के सायक्लोपिरॉक्सचे नेलपॉलिशसारखे औषधी रोगण मान्य झाले. द्रावक उडून गेला की मागे राहणाऱ्या पापुद्र्यात औषधाची तीव्रता वाढते आणि ते नखात उतरू लागते. कल्पना उत्तम होती, तरी ४८ आठवडे रोज लावूनही दोन चाचण्यांत पूर्ण बरे झालेले रुग्ण ५.५ आणि ८.५ टक्केच भरले. २०१४ मध्ये दोन नवी द्रावणे आली. टॅव्हाबोरोलचा रेणू अगदी लहान, जेमतेम १५२ डाल्टनचा. त्याचे यश ६.५ आणि ९.१ टक्के. जपानमध्ये शोधलेल्या एफिनाकोनाझोलचा रेणू त्याच्या दुपटीहून मोठा, पण तो केराटिनला फारसा चिकटत नाही. त्याचे आकडे १७.८ आणि १५.२ टक्के. चाचण्या वेगवेगळ्या असल्याने थेट तुलना जपूनच करावी. तरीही नखात शिरलेले औषध केराटिनात अडकून न पडता मोकळे राहणे किती मोलाचे आहे, हे यातून जाणवते.

नखच सैल करण्याचे उपायही आहेत: कानशीने घासणे, ४० टक्के युरियाने मऊ करणे, थायोग्लायकोलिक आम्लाने डायसल्फाइड बंध तोडणे, लेसरने सूक्ष्म छिद्रे पाडणे, सौम्य विद्युतप्रवाहाने औषध आत ढकलणे. यांतील बऱ्याच पद्धती आधी गुरांच्या खुरांच्या चकत्यांवर तपासल्या जातात. खूर मानवी नखापेक्षा अधिक फुगतो व औषध लवकर आत घेतो, म्हणून तिथले यश नखावर तसेच्या तसे उतरत नाही.

नखाच्या सोरायसिसमध्ये वाट आणखी बिकट असते. दोष पुष्कळदा नख जिथे तयार होते त्या मुळाशी असतो, आणि ते मूळ त्वचेच्या घडीखाली झाकलेले असते. तिथे आजही अनेकदा स्टेरॉइडचे वेदनादायक इंजेक्शन द्यावे लागते.