चिनहट आणि अवधची बेगम

लखनौहून फैजाबादच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरांवर चिनहट लागते. एके काळचे हे खेडे आता शहराने पोटात घेतले आहे. झिलईदार मातीच्या भांड्यांमुळे त्याचे नाव लोकांच्या तोंडी झाले. इतिहासाच्या वाचकाला मात्र ते ऐकताच ३० जून १८५७ हा दिवस आठवतो.

त्या दिवशी अवधचा मुख्य आयुक्त सर हेन्री लॉरेन्स सुमारे सातशे सैनिक घेऊन चिनहटकडे चालून गेला. ऊन रणरणत होते आणि फौजेला सकाळची न्याहारीसुद्धा मिळाली नव्हती. जवळच्या इस्माइलगंज गावाचा आडोसा घेऊन बरकत अहमद याच्या नेतृत्वाखाली शिपायांनी तिच्यावर असा मारा केला की, कुकरैलच्या पुलावरून मागे पळण्याखेरीज तिला गत्यंतर उरले नाही. रेसिडेन्सीला वेढा पडला. २ जुलैला तोफगोळ्याने जखमी झालेला लॉरेन्स ४ जुलैला मरण पावला.

लढाई जिंकली, पण राज्य कोणाच्या नावाने चालवावयाचे? नवाब वाजिद अली शाह कलकत्त्यास फोर्ट विल्यममध्ये कैदेत होता. सैन्याचे पुढारी लखनौत मागे राहिलेल्या बेगमांकडे गेले आणि गादीसाठी राजपुत्र मागू लागले. त्यांना नकार मिळाला. आपण येथे बंडाचे निशाण उभारले, तर तेथे नवाबाच्या जिवाचे काय होईल, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. त्यांना भ्याड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या आपल्या घराण्याच्या रीतीला धरूनच वागत होत्या.

ही रीत तीन-चार पिढ्यांची होती. १७६४ साली बक्सरला हार झाल्यावर शुजाउद्दौल्याने पन्नास लक्ष रुपये देऊन राज्य राखले. १८०१ साली सआदत अली खानाने जवळजवळ अर्धा मुलूख तोडून दिला. गाझीउद्दीन हैदराने कंपनीला कोट्यवधींचे कर्ज दिले आणि त्याचे व्याज आप्तेष्टांना वसिका, म्हणजे पिढीजात नेमणूक, म्हणून लावून घेतले. संकट आले की काही देऊन टाकावे, उरलेले सांभाळावे आणि अर्ज करावा, हा या घराण्याचा राजधर्मच झाला होता. १८५६ साली राज्य खालसा झाले, तेव्हा वाजिद अली शाहाने आपली पगडी औट्रमच्या हाती ठेवली. त्याची वृद्ध आई दाद मागण्यासाठी समुद्र ओलांडून लंडनला गेली आणि परतीच्या वाटेवर, जानेवारी १८५८ मध्ये, पॅरिसला निवर्तली. अर्जाची वाट याहून लांब ती कोठे जाणार?

ही रीत पूर्वी एकदा मोडली गेली होती, आणि तीही अशाच एका कडेच्या माणसाकडून. वजीर अली हा असफउद्दौल्याचा दत्तक पुत्र. तो औरस नाही, असे कारण दाखवून १७९८ साली कंपनीने त्याला गादीवरून दूर केले. पुढच्याच वर्षी त्याने काशीला बंड केले आणि उरलेले आयुष्य कैदेत काढले. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी सैन्याच्या मागणीला होकार आला, तो बेगम हजरत महल यांच्याकडून.

या बाई कोणत्याही नामांकित कुळातल्या नव्हत्या. सेविका म्हणून त्या महालात आल्या, परीखान्यात 'महक परी' झाल्या आणि पुत्रजन्मानंतर बेगम म्हणवल्या गेल्या. पुढे नवाबाने त्यांना तलाक दिला. कलकत्त्याला जाताना त्या मागेच राहिल्या. ज्यांना घराच्या पंक्तीत पान उरले नव्हते, त्यांनीच त्या घराचा मान राखण्याचे पत्करले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा बिरजिस कद्र दिल्लीच्या बादशहाचा मांडलिक म्हणून गादीवर बसला आणि कारभार आईच्या हाती आला.

आपल्याकडचे दाखलेही असेच आहेत. दुसऱ्या बाजीरावाने १८१८ साली शरणागती पत्करून आठ लक्षांची नेमणूक घेतली. त्याची वाट सोडली ती वेणगावच्या भटांच्या घरातून दत्तक आलेल्या नानासाहेबांनी. झाशीचे नेवाळकर कंपनीशी सख्य राखून होते. तेथे तलवार उपसली ती तांब्यांच्या लेकीने. नेमणूक बंद झाली, दत्तक नामंजूर झाला, ही कारणे उघडच आहेत. परंतु त्यामागे आणखी एक गोष्ट असावी. घराच्या मध्यभागी बसलेल्या माणसाला घराची सवय हाच धर्म वाटतो. उंबरठ्याजवळ उभे असलेल्याला मात्र ती सवय आहे, हे दिसते.

हजरत महलना ते किती स्पष्ट दिसले होते, याचा पुरावा त्यांच्या जाहीरनाम्यात आहे. १ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीने अभयवचन दिले. बेगमांनी त्याला कलमवार उत्तर दिले. कंपनीचे करार राणी पाळणार असेल तर बदलले काय, असे त्यांनी विचारले आणि मोडलेल्या वचनांची यादीच दिली. भरतपूर, लाहोर, टिपू, काशीचा राजा यांच्याबरोबर पेशव्यांना पुणे-साताऱ्याहून घालवून बिठूरला डांबल्याचाही उल्लेख त्या यादीत आहे. रस्ते आणि कालवे खणण्यापलीकडे प्रजेला काही देऊ केलेले नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. अवधच्या घराचे दुखणे हे साऱ्या देशाचे दुखणे आहे, हे ज्यांना जाणवले, त्या त्या घरच्या तलाक दिलेल्या बाई होत्या.

मार्च १८५८ मध्ये लखनौ पडले होते. बेगम लढत लढत तराईतून नेपाळात गेल्या. ज्या नेपाळवरील स्वारीला त्यांच्याच घराण्याचा पैसा लागला होता आणि ज्या नेपाळच्या फौजेने लखनौ घेण्यास इंग्रजांना साहाय्य केले होते, तोच शेवटी आसरा ठरला. परत येऊन नेमणूक घ्यावी, हे इंग्रजांचे बोलणे त्यांनी मानले नाही. १८७९ साली काठमांडूला त्यांचे निधन झाले आणि तेथील जामा मशिदीच्या आवारात त्यांना मूठमाती मिळाली.

राज्य गेले ते गेलेच. रीत मोडणाऱ्याला जय मिळतोच, असे इतिहास सांगत नाही. पण १८५६ साली लखनौ सोडताना नवाबाने आपल्याबरोबर कोणाला न्यावे आणि कोणाला मागे ठेवावे, याची निवड केली होती. १९६२ साली लखनौच्या व्हिक्टोरिया पार्कला नाव मिळाले, ते त्या मागे ठेवलेल्या बेगमेचे.