अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स असताना परदेश प्रवास

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स असलेले रुग्ण परदेशी जाण्याआधी सहसा एकच प्रश्न विचारतात: "तिकडे काय खायचं?" खाण्याचा प्रश्न बहुधा सुटतो. अडचण येते ती लसी आणि औषधांची. म्हणून निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना भेटा.

तुम्ही फक्त मेसालामिन घेत असाल तर लसींचा फारसा अडथळा नसतो. पण अझाथायोप्रिन, जास्त मात्रेतील स्टिरॉइड, टोफासिटिनिब, किंवा इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखी बायोलॉजिक औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. ती चालू असताना जिवंत जंतूंची लस घेऊ नये. पिवळ्या तापाची (यलो फीवर) लस याच प्रकारची आहे. केनिया किंवा युगांडाहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र मागितले जाते. वैद्यकीय कारणास्तव सूट देणारे पत्र मिळू शकते, पण ते पत्र डासापासून वाचवत नाही. अशा रुग्णांना मी शक्यतो दुसरा देश निवडायला सांगतो. लस घेता यावी म्हणून औषध परस्पर बंद करण्याचा विचारही करू नका. टायफॉइड आणि फ्लूची इंजेक्शने मात्र चालतात.

औषधे पूर्ण मुक्कामाला पुरून वर दोन आठवडे शिल्लक राहतील एवढी घ्या आणि हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटातच ठेवा. बायोलॉजिक इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असते. चेक-इन सामानात ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इंजेक्शन वापरायचे नाही. डॉक्टरांच्या पत्रात औषधाचे जेनेरिक नाव असावे, कारण आपल्याकडचे ब्रँड तिकडच्या केमिस्टला कळत नाहीत. दुबईला जाणाऱ्यांनी ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नयेत.

तिथे जुलाब लागले तर? संसर्ग झाला आहे की आजार उसळला आहे, हे नुसत्या लक्षणांवरून आम्हालाही सांगता येत नाही. शौचाची तपासणी करावी लागते. म्हणून जवळचे स्टिरॉइड स्वतःहून सुरू करू नका, आणि चालू असलेले अचानक थांबवूही नका. ओआरएस लगेच सुरू करा. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच, बहुधा एक लिटर, पाण्यात ती संपूर्ण पुडी विरघळवा. रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर लोपरामाइड घेऊ नका. सुजलेले मोठे आतडे धोकादायकरीत्या फुगू शकते. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालेल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळा.

शौचातून रक्त, ताप, पोट फुगून दुखणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. सोबतच्या निरोगी माणसाचे जुलाब दोन दिवसांत थांबले म्हणून तुम्ही वाट पाहू नये. प्रवास विम्यात आधीपासूनचा आजार समाविष्ट आहे का, हे पॉलिसी घेतानाच विचारा. एवढ्यासाठी आजार लपवू नका, दावा फेटाळला जाऊ शकतो.

या आजारांत पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. लांबच्या विमानप्रवासात भरपूर पाणी प्या आणि अधूनमधून उठून चाला. मधल्या वाटेशेजारची सीट मागून घेतली तर स्वच्छतागृहाचीही सोय होते.